दोन स्कींमधले अंतर : बर्फगाडीच्या रुंदीची शंभर वर्षे (थ्रेड)

१/
एखादे यंत्र अधिक स्थिर व्हावे म्हणून अभियंत्यांनी वीस वर्षे खपावे, आणि त्याच यंत्राच्या मालकांनी पदरचे पैसे घालून ती स्थिरता कापून काढावी, असा प्रकार तंत्रज्ञानाच्या इतिहासात क्वचितच आढळतो. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात विसाव्या शतकाच्या अखेरीस तो घडला. यंत्र होते स्नोमोबाईल. कापले गेले ते तिच्या पुढच्या दोन स्कींमधले अंतर.

२/
गुलमर्गला पर्यटकांना फिरवणाऱ्या बर्फगाड्या अनेकांनी निदान छायाचित्रांत तरी पाहिल्या असतील. मागे एक रुंद, दातेरी, गोल फिरणारा रबरी पट्टा; तो गाडीला ढकलतो. पुढे दोन स्की. त्या दिशा देतात. म्हणजे गाडी एका अर्थी तिपाईच आहे. आपली ऑटोरिक्षा उलटी फिरवली तर जसे दिसेल, तशी तिची मांडणी : पुढे दोन टेकू, मागे एक. अशा गाडीचा तोल मुख्यतः पुढचे दोन टेकू एकमेकांपासून किती दूर आहेत यावर ठरतो. एका स्कीच्या मध्यापासून दुसऱ्या स्कीच्या मध्यापर्यंतचे हे अंतर शंभर वर्षांत आधी अरुंद होते, मग रुंद झाले, आणि पुन्हा अरुंद झाले. का, हे पाहिले तर गाडी कोणाच्या हाती होती आणि कोणत्या बर्फावर चालत होती, याचा इतिहास हाती येतो.

३/
आरंभ १९२४ सालचा. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील सेनर या खेड्यात कार्ल एलियासन नावाचा दुकानदार होता. पायाच्या व्यंगामुळे शिकारीच्या वेळी बर्फातून मित्रांच्या बरोबरीने चालणे त्याला जमत नसे. दुकानामागच्या गॅरेजात त्याने दोन हिवाळे खटपट करून ‘मोटर टोबोगन’ तयार केली. नावेला लावायचे जॉन्सन कंपनीचे अडीच अश्वशक्तीचे इंजिन, फोर्ड मॉडेल-टीच्या रेडिएटरचा तुकडा, सायकलीचे सुटे भाग, आणि दिशा देण्यासाठी लाकडी स्की. त्या स्की दोऱ्यांनी ओढून वळवायच्या! १९२७ मध्ये त्याला पेटंट मिळाले.

४/
एलियासनची गाडी अरुंद होती, कारण टोबोगन ही मुळातच अरुंद घसरगाडी. जंगलातली वाट माणसापुरती किंवा कुत्र्यांच्या गाडीपुरतीच मोकळी असायची. गाडीच्या रुंदीचा निर्णय एलियासनने घेतला असे म्हणण्यापेक्षा तो झाडांनी घेतला, असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

५/
याच काळात कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील व्हॅलकूर गावी जोसेफ-आर्मांद बोंबार्दिए हा तरुण मेकॅनिक वेगळ्या प्रश्नाशी झुंजत होता. १९३४च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटातील संसर्गाने दगावला. रस्ते बर्फाखाली गाडलेले होते, रुग्णालयापर्यंत पोहोचणे अशक्य झाले. बोंबार्दिएचे प्रयोग त्याआधीच, वयाच्या पंधराव्या वर्षापासून चालू होते; पण या मृत्यूनंतर त्याला वेगळीच निकड आली. दातेरी चाक आणि रबरी पट्टा यांच्या रचनेला १९३७ मध्ये पेटंट मिळाले, आणि सात माणसे बसतील अशी ‘बी-७’ तयार झाली. पुढे बारा जणांची ‘बी-१२’ आली. डॉक्टर, टपाल, शाळकरी मुले यांची ने-आण तिने केली.

६/
या गाड्यांच्या स्की मोटारीच्या चाकांइतक्या दूर होत्या, आणि तसेच असणे साहजिक होते. त्या रस्त्यावर चालायच्या. रस्ता बर्फाखाली होता एवढाच फरक. मात्र १९४८ मध्ये क्वेबेक सरकारने हिवाळ्यात रस्ते साफ ठेवण्याचा कायदा केला आणि या मोठ्या बर्फगाड्यांचा बाजार झपाट्याने आटला. रस्ता मोकळा झाल्यावर रस्त्याच्या मापाची बर्फगाडी कोणाला हवी?

७/
तेव्हा बोंबार्दिए जुन्या, लहान गाडीच्या कल्पनेकडे वळला. १९५९ मध्ये ‘स्की-डू’ बाजारात आली. ठरलेले नाव ‘स्की-डॉग’ होते. अक्षराच्या चुकीने ते बदलले, अशी हकीकत सर्वत्र सांगितली जाते. मूळ नावातच उद्देश स्पष्ट आहे : ही गाडी कुत्र्यांची जागा घेणार होती. पहिले गिऱ्हाईक म्हणजे मिशनरी, फासेपारधी, भूमापक. त्यांच्या वाटा कुत्र्यांच्या गाडीइतक्याच रुंद होत्या, म्हणून गाडीही तेवढीच.

८/
त्या काळच्या गाड्यांचे स्की-अंतर जेमतेम ३० इंचांच्या आसपास असे. पुढचे सस्पेन्शन म्हणजे प्रत्येक स्कीवर कमानीसारखी बसवलेली पाट्यांची स्प्रिंग. आपल्याकडचे ट्रकचे मेकॅनिक ज्याला नुसते ‘पाटे’ म्हणतात, तीच चीज, फक्त लहान. धक्का सोसण्याची तिची हालचाल फार थोडी. वळण घ्यायचे तर चालक एक गुडघा सीटवर टेकून सगळे अंग आतल्या बाजूला झोकून देई. तोल सांभाळण्याचे काम लोखंडापेक्षा माणसाच्या कमरेकडे अधिक होते. हा मुद्दा लक्षात ठेवावा. पन्नास वर्षांनी तो परत येणार आहे.

९/
१९६०च्या मार्चमध्ये मिनेसोटातील पोलारिस कंपनीच्या एडगर हेटीन याने अलास्कात बेथेलपासून फेअरबँक्सपर्यंत सुमारे १,९०० किलोमीटरचा प्रवास बर्फगाड्यांनी केला. कामाचे यंत्र हळूहळू साहसाचे आणि मग करमणुकीचे यंत्र होऊ लागले. १९७०च्या सुमारास शंभराहून अधिक उत्पादक या धंद्यात होते, आणि उत्तर अमेरिकेत वर्षाला जवळपास पाच लाख गाड्या खपत होत्या.

१०/
आणि जिथे इतकी यंत्रे, तिथे शर्यत आलीच. विस्कॉन्सिनमधील ईगल रिव्हर येथे १९६४ पासून बर्फाच्या लंबवर्तुळाकार धावपट्टीवर मोठी शर्यत भरू लागली. १९७४ मध्ये ती जिंकणारा क्वेबेकचा तरुण होता गिल्स व्हिलनव्ह, जो पुढे फॉर्म्युला वनमध्ये फेरारीकडून धावला आणि दंतकथा झाला. टणक बर्फ, प्रचंड वेग, सतत एकाच दिशेचे वळण. अशा ठिकाणी अरुंद गाडी आतली स्की उचलते आणि उलटते. इथे कमरेचे कसब अपुरे पडले. गाडी ठेंगणी आणि रुंद करणे भाग झाले.

११/
निर्णायक पाऊल पोलारिसने टाकले. १९७७च्या ‘आरएक्सएल’ या शर्यतीच्या गाडीत पाटे गेले, आणि प्रत्येक स्की स्वतंत्र दांड्यांवर, स्वतंत्र स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरसह बसवली गेली. डावी स्की खड्ड्यात गेली तरी उजवीला त्याची खबर नाही. १९८०च्या ‘टीएक्स-एल इंडी’ या मॉडेलने हीच रचना सामान्य गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवली. १९८४ची यामाहा ‘फेझर’, १९९०ची आर्क्टिक कॅट ‘प्राउलर’ – प्रत्येकाची रचना वेगळी, पण दिशा एकच. आर्क्टिक कॅटने मोटारींसारखे वर-खाली दोन त्रिकोणी हात लावले. इंग्रजी ए अक्षरासारख्या आकारामुळे त्यांना ‘ए-आर्म’ म्हणतात, आणि आज बहुतेक गाड्यांत तेच दिसतात.

१२/
स्वतंत्र सस्पेन्शनला लांब हात लागतात. हात लांब तेवढी स्कीची वर-खाली हालचाल जास्त. हात लांब म्हणजे स्की दूर. त्यामुळे आराम आणि रुंदी जोडीनेच वाढत गेली. दरम्यान सरकारे आणि स्थानिक क्लब यांनी यंत्रांनी दाबून सपाट केलेल्या बर्फवाटांचे जाळे विणले होते. वाट मळलेली आणि रुंद. मग गाडीने अंग चोरायचे कारण उरले नाही. अशा वाटांवरच्या गाड्यांचे स्की-अंतर अखेर ४२-४३ इंचांवर, म्हणजे १०७ सेंटिमीटरच्या आसपास स्थिरावले.

१३/
एवढ्यावर हा इतिहास थांबला असता तर तो प्रगतीच्या सरळ रेषेचा, आणि म्हणून जरा कंटाळवाणा झाला असता. पण अमेरिका-कॅनडाच्या पश्चिमेकडे मळलेली वाट संपते आणि रॉकी पर्वत सुरू होतो. तिथे कंबरभर मऊ बर्फ असतो. १९९४ मध्ये स्की-डूने ‘समिट’ आणि १९९६ मध्ये पोलारिसने ‘आरएमके’ या खास डोंगरी गाड्या आणल्या. मागचे पट्टे लांब झाले आणि त्यांवरच्या रबरी पात्या उंच झाल्या. गाडी आता उभा चढ चढू शकत होती.

१४/
चढणे सोपे होते. अवघड होते ते उताराला आडवे जाणे. डोंगराच्या कडेने आडवे जाताना गाडी सपाट ठेवली तर ती खाली घसरते. म्हणून चालक गाडी डोंगराकडे तिरपी करतो, वरच्या बाजूच्या पायफळीवर उभा राहतो, आणि पट्ट्याच्या कडेवर गाडी तोलून धरतो. खालच्या बाजूची स्की हवेत लटकते. हँडल तर चक्क उताराकडे वळवलेले असते! प्रथमच पाहणाऱ्याला वाटावे, हा आता पडतोय. खरे तर तो तसाच पुढे जात असतो.

१५/
इथे रुंद स्की-अंतर वैरी होते. वरच्या बाजूची स्की पट्ट्यापासून जितकी दूर, तितकी ती डोंगराच्या अंगात आधी घुसते. डोंगर तिला उचलतो, आणि गाडी पुन्हा सपाट होऊन खाली ढकलली जाते. शिवाय गाडी तिरपी करायलाच जास्त जोर लागतो. सपाट जागेवरचा साधा हिशेब असा : गाडी कलती करण्यासाठी तिच्या वजनाविरुद्ध लावावा लागणारा जोर स्की-अंतराच्या निम्म्यावर अवलंबून. अंतर ४२ इंच तर निम्मे २१. ३६ केले तर १८. म्हणजे जोर एक-सप्तमांशाने, सुमारे १४ टक्क्यांनी कमी. दिवसभरात शेकडो वेळा अडीचशे किलोची गाडी कलती करणाऱ्याला हे १४ टक्के संध्याकाळी खांद्यांत जाणवतात.

१६/
पहिले उत्तर कारखान्यांकडून आले नाही. ते गॅरेजांतून आले. सर्वांत सोपा उपाय म्हणजे स्की जिथे बोल्टने बसते तिथल्या चकत्या. आतल्या बाजूची चकती काढून बाहेर घातली की स्की थोडी आत सरकते. खर्च जवळजवळ नाही, पण फरकही दोन्ही बाजू मिळून एक-दीड इंचाचाच. त्याहून जास्त हवे तर ए-आर्मच आखूड करावे लागतात. कोणी जुने कापून पुन्हा वेल्डिंग करून घेई, कोणी लहान कार्यशाळांनी बनवलेले तयार आखूड हात विकत घेई. अशा सुट्या भागांचा एक स्वतंत्र बाजारच डोंगराळ राज्यांत उभा राहिला.

१७/
पण हात आखूड केले की काम संपले, असे समजणारा लवकरच पस्तावतो. स्की वळवणारा टाय-रॉड त्याच मापाने आखूड व्हावा लागतो, नाहीतर दोन्ही स्की समांतर राहात नाहीत. आणि केवळ लांबी जुळून भागत नाही. ए-आर्म आणि टाय-रॉड हे वर-खाली होताना एकाच वक्राने फिरले पाहिजेत. तसे झाले नाही तर प्रत्येक उंचवट्यावर स्की आपोआप वळते. हँडल न हलवता गाडी डावी-उजवी हुंदडू लागते. मोटारींचे अलाइनमेंट करणाऱ्यांना हा दोष चांगला ठाऊक असतो. बर्फावर तो अधिक घातक, कारण पुढे झाड असते.

१८/
तिसरी गोष्ट सर्वांत फसवी. समजा हाताची लांबी १५ इंच होती, ती १२ केली, आणि शॉक ॲब्सॉर्बर हातावर पूर्वीच्याच जागी टेकला. स्प्रिंग तीच आहे, तरी स्कीला ती जास्त कडक भासते, कारण तरफेचा लांब भाग आखूड झाला. हा फरक लांबीच्या प्रमाणाच्या वर्गाने वाढतो : पंधरा भागिले बारा म्हणजे सव्वा, सव्वाचा वर्ग दीडपटीहून थोडा अधिक. तीन इंच कापले आणि पुढचा भाग दीडपट कडक झाला! स्कीची वर-खाली हालचालही त्याच प्रमाणात घटली. म्हणून जाणकार आखूड हातांबरोबर मऊ स्प्रिंग किंवा वेगळ्या मापाचा शॉक घालत. दोन्ही बाजूंना जोडणारा, कलण्याला विरोध करणारा अँटी-रोल बार बहुतेक जण काढूनच टाकत. कलणे हाच हेतू असेल तर त्याला विरोध करणारा दांडा कशाला वागवायचा?

१९/
या दुरुस्त्यांचा अर्थ नीट पाहावा. शर्यतीच्या काळात जो तोल माणसाच्या कमरेकडून काढून लोखंडाकडे दिला गेला होता, तो डोंगरातल्या चालकांनी परत मागून घेतला. त्यांना आपोआप सरळ राहणारी गाडी नको होती. सांगेल तशी कलणारी गाडी हवी होती. याला केवळ हौशी खटाटोप म्हणणे अन्यायाचे ठरेल. बर्फ बदलला की ‘स्थिरता’ या शब्दाचा अर्थच बदलतो, हे कारखान्यांच्या आधी त्यांना उमगले होते.

२०/
कारखाने मागोमाग आले. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत डोंगरी गाड्या ३६ ते ४१ इंचांच्या दरम्यान, आणि बहुधा कमी-जास्त करता येईल अशा स्की-अंतरासह विकल्या जाऊ लागल्या. स्की-डूने २०१३च्या समिटमध्ये मागचा पट्टाही किंचित कलू शकेल अशी रचना केली. आर्क्टिक कॅटने २०१९च्या ‘अल्फा वन’मध्ये पट्ट्याखालच्या दोन समांतर पट्ट्यांऐवजी एकच तुळई घातली, तीही गाडी सहज कलावी म्हणूनच. गॅरेजातला बंडखोर विचार वीस वर्षांच्या आत कारखान्याच्या माहितीपत्रकात छापला गेला.

२१/
या यशाला एक काळी किनार आहे. लांब पट्टे, हलक्या सांगाड्या, ताकदवान इंजिने आणि सहज कलणारा पुढचा भाग यांनी मिळून चालकाला अशा उतारांवर नेले जिथे पूर्वी यंत्र पोहोचतच नव्हते. आणि नेमक्या त्याच उतारांवर हिमस्खलन होते. २८ डिसेंबर २००८ रोजी ब्रिटिश कोलंबियातील फर्नीजवळ अकरा बर्फगाडीचालक स्खलनात सापडले. आठ जण परतले नाहीत. ते सारे स्पारवूड या एकाच लहान गावचे होते. १३ मार्च २०१० रोजी रेव्हल्स्टोकजवळील बोल्डर पर्वतावर एका अनौपचारिक चढाई-मेळाव्यात सुमारे दोनशे लोक जमले असताना कडा सुटला. दोघे मृत्युमुखी पडले, अनेक जखमी झाले.

२२/
या मृत्यूंचा दोष स्की-अंतराच्या माथी मारणे चुकीचे होईल. उभ्या चढावर कोण सर्वांत उंच जातो अशी चढाओढ अरुंद पुढच्या भागाच्या आधीपासूनची आहे, आणि तिच्यात लांब पट्टा व इंजिन यांचा वाटा कितीतरी मोठा. उलट आडवे जाता येणारी गाडी धोक्याचा उघडा उतार टाळून झाडीतून वाट काढू शकते, असा प्रतिवाद अनुभवी चालक करतात, आणि त्यात तथ्य आहे. तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही : बोंबार्दिएने आपले पेटंट मिळवले ते मृत्यूच्या वाटेवरून माणसे परत आणण्यासाठी, आणि त्याच घराण्यातली यंत्रे ऐंशी वर्षांनी माणसांना स्वखुशीने त्या वाटेवर नेत होती. गळ्यात स्खलन-ट्रान्सीव्हर, पाठीवर फावडे आणि लांब काठी हा आज तिथल्या चालकाचा गणवेशच झाला आहे.

२३/
अरुंदपणाचे टोकही गाठून झाले आहे. आयडाहोतील सँडपॉइंटच्या ‘टिंबरस्लेड’ने मोटारसायकलचे पुढचे चाक काढून एकच स्की आणि मागे अरुंद पट्टा बसवण्याचे संच बाजारात आणले; २०१५ मध्ये ही कंपनी पोलारिसनेच विकत घेतली. एक स्की म्हणजे अंतर शून्य. ज्या पोलारिसने ‘इंडी’च्या रूपाने रुंदीचा पाया घातला, तिच्याच छपराखाली तेव्हा दोन्ही टोके आली.

२४/
वाटेवरच्या गाड्या मात्र आजही ४२-४३ इंचांवर आहेत, आणि त्याला तितकेच सबळ कारण आहे. डोंगरात जाणारा प्रत्येक चालक सकाळी मळलेल्या वाटेने जातो आणि संध्याकाळी त्याच वाटेने परततो. दिवसभराच्या वाहतुकीने तोवर तिच्यावर टणक उंचवटे उठलेले असतात. अँटी-रोल बार नसलेली, ३६ इंचांची गाडी तिथे प्रत्येक वळणावर आतली स्की उचलते, आणि थकलेला चालक पुन्हा एकदा १९६०च्या फासेपारध्यासारखा एक गुडघा सीटवर टेकून अंग आतल्या बाजूला झोकून देतो.